रॉक्सेट आणि उसनी भाषा

१९८९ च्या एप्रिल महिन्यात 'बिलबोर्ड' ह्या अमेरिकी साप्ताहिकाच्या गीतांच्या क्रमवारीत 'द लुक' नावाचे गीत पहिल्या स्थानी आले, तेव्हा ते गाणारी जोडी कोण, कोठली, ह्याची त्या देशातील बहुसंख्य श्रोत्यांना वार्ताही नव्हती. ज्या ई.एम.आय. कंपनीसाठी ही जोडी गात होती, तिच्या अमेरिकी शाखेने तर हा माल आपल्या बाजारात खपणार नाही असे ठरवून ध्वनिमुद्रिका बाजूला सारलेली होती. पुढे दोन वर्षे आणि एक महिना एवढ्या अवधीत ह्याच जोडीची चार गीते त्या क्रमवारीच्या अग्रभागी जाऊन बसली. स्वीडनच्या ज्या 'आबा' ह्या चौघांच्या मेळाचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे, त्यांना अमेरिकेत हा मान एकदाच, १९७७ साली, मिळाला होता. जोडीचे नाव रॉक्सेट. पुरुष पेर येस्ले (त्याच्या आडनावाचे आद्याक्षर रोमन लिपीत 'ग'चे असले तरी स्वीडिश उच्चार 'य'चा आहे) आणि स्त्री मारी फ्रेद्रिकसॉन.

ह्या यशाचा एक सोपा अर्थ लावण्यात येतो आणि तो आपल्या मराठी मंडळींच्या तोंडीही वारंवार ऐकू येतो. तो असा की, लहान भाषेच्या लोकांनी जग जिंकावयाचे तर आधी ती भाषा उंबरठ्याबाहेर काढून ठेवावी आणि इंग्रजीचा अंगरखा चढवावा. स्वीडनच्या पोरांनी तेच केले म्हणून ती वर गेली. आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही. रॉक्सेटची गीते, आणि त्याहूनही त्या गीतांच्या आगेमागे ह्या दोघांनी केलेले काम, ह्यांकडे थोडे सावकाश पाहिले तर निराळेच चित्र दिसते.

हाल्मस्टाड हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यम आकाराचे शहर. येस्ले १९५९ साली तेथेच जन्मला. विशीच्या आतच त्याने मित्रांसह 'यिलेने तीदेर', म्हणजे 'सोनेरी दिवस', ह्या नावाचा मेळ काढला आणि १९८० पासून तो स्वीडनच्या तरुणांच्या गळ्यातील ताईत झाला. मारी १९५८ ची. दक्षिणेकडील खेड्यात, पाच भावंडांत धाकटी म्हणून ती वाढली. बाप टपालवाटप करी, आई कारखान्यात कामाला जाई. लोकशाळेत संगीत शिकून ती हाल्मस्टाडला आली आणि १९८४ पासून तिच्या एकटीच्या स्वीडिश ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. म्हणजे रॉक्सेटचा जन्म होण्यापूर्वीच दोघांनाही आपापला श्रोतृवर्ग होता, आणि तो मातृभाषेने मिळवून दिलेला होता. दोघे उपेक्षित होते, दारोदार फिरत होते आणि इंग्रजीने त्यांना हात दिला, अशी ही कथा मुळीच नाही.

उलट इंग्रजीने आरंभी हात झिडकारलाच होता. १९८४ साली 'यिलेने तीदेर' मेळाने एक सबंध इंग्रजी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील काही गीते अमेरिकेत निराळ्या नावाखाली विकावयाची ठरली आणि ते नाव म्हणून 'डॉक्टर फीलगुड' ह्या इंग्लिश मेळाच्या एका गाण्याचे शीर्षक उचलण्यात आले: 'रॉक्सेट'. कोणी विचारले नाही. मेळ मोडला. पुढे ई.एम.आय.च्या स्वीडिश शाखेच्या प्रमुखाने येस्लेला सुचविले की, मारीला बरोबर घेऊन इंग्रजीत गाऊन पाहा. येस्लेजवळ 'स्वार्ता ग्लास', म्हणजे 'काळा चष्मा', ह्या शीर्षकाचे एक स्वीडिश गीत पडून होते. त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवून १९८६ साली 'नेव्हरएंडिंग लव्ह' निघाले आणि जुन्या अपयशाचे नाव नव्या जोडीला चिकटले. रॉक्सेटचे पहिले गीत हे असे भाषांतराच्याही अलीकडचे, केवळ वेष पालटलेले गीत होते.

आता 'द लुक'कडे वळू. ह्या गीताची जन्मकथा टीकाकाराला अडचणीत टाकणारी आहे. येस्ले नवीन सिंथेसायझर चालवून पाहत असता ही चाल सुचली आणि चाल हातून निसटू नये म्हणून त्याने तोंडाला येतील ते इंग्रजी शब्द तिच्यावर ठोकून दिले. पहिल्या दोन कडव्यांतील हे तात्पुरते शब्द पुढे बदलावयाचे होते. बदलून पाहिले, पण पहिल्यांइतके ते तालात बसेनात, तेव्हा तेच राहू दिले, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे ज्या शब्दांना त्यांच्या कर्त्यानेही अर्थ योजिला नव्हता, ते शब्द इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या बाजारात पहिल्या स्थानी जाऊन बसले! इंग्रजीच्या अभिमान्यांनी नाके मुरडावी ह्यासाठी ह्याहून चांगले निमित्त कोणते?

परंतु आम्ही मराठी रसिकांनी तरी घाईने नाक मुरडू नये. तराण्यातील अक्षरांना आपण अर्थ विचारीत नाही. आलापीतील 'नोम्‌ तोम्‌'वर आपण मान डोलावतो. आपल्या संगीत नाटकांची कितीतरी पदे आधी चाल आणि मग शब्द ह्याच क्रमाने जन्माला आलेली आहेत. 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी निवडून दिलेल्या बंदिशींवर खाडिलकरांनी शब्द बांधले, आणि त्या शब्दांत काव्य किती व ओढाताण किती हा वाद आमच्या आजोबांनी पुष्कळ घातला आहे. 'द लुक'मध्ये शब्द हे तालवाद्याचे काम करतात. येस्लेचा गळा मोठा नाही आणि त्याला ते ठाऊक आहे. म्हणून तो गाण्यापेक्षा बोलतो अधिक, अक्षरे तुटक तुटक फेकतो, आणि खालून गिटारची एकच छोटी उपज पुनःपुन्हा येत राहते. मग ध्रुवपदाला मारीचा आवाज वरून झेप घेतो. मजा अशी की मूळ बेत हे गीत मारीने गावे असा होता. तसे झाले असते तर गीत अधिक सुरेल झाले असते आणि अगदी साधारण झाले असते, असे आमचे मत आहे. कोरडा पुरुषी आवाज आणि त्यावर उसळणारा स्त्रीचा आवाज ह्या विरोधातच त्याची गंमत आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्या गीतकाराला असले निरर्थक शब्द ठेवण्याचा धीर झाला नसता. त्याला त्यांचा अर्थ सतत टोचत राहिला असता. येस्लेला तो टोचला नाही. परकेपणाचा हा एक फायदा मान्य केलाच पाहिजे.

हे गीत अमेरिकेत पोचले कसे, हेही सांगण्याजोगे आहे. मिनेआपोलिस शहराचा एक विद्यार्थी शिक्षणानिमित्त स्वीडनमध्ये होता. सुटीत घरी परत येताना तो रॉक्सेटची 'लुक शार्प!' ही ध्वनिमुद्रिका बरोबर घेऊन आला आणि ती त्याने आपल्या गावच्या के.डी.डब्ल्यू.बी. ह्या नभोवाणी केंद्रास दिली. केंद्राने 'द लुक' लावले, श्रोत्यांनी पुन्हा लावा म्हणून दूरध्वनी केले, केंद्राकडून त्याच्या प्रती इतर केंद्रांकडे गेल्या. आणि कंपनीच्या अमेरिकी शाखेने अद्याप प्रकाशितही न केलेले गीत देशभर वाजू लागले. मग अर्थातच शाखेला आपल्या कर्तव्याची आठवण झाली. (अशी आठवण कोणत्या कचेरीत केव्हा होते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.)

ज्या मिनेसोटा राज्यात हे घडले, तेथे एकोणिसाव्या शतकात दुष्काळाला आणि दारिद्र्याला कंटाळलेले स्वीडिश शेतकरी जथ्याजथ्यांनी गेले होते. १८५० नंतरच्या ऐंशी वर्षांत सुमारे बारा-तेरा लाख स्वीडिश लोकांनी अमेरिकेची वाट धरली. विल्हेल्म मूबेर्यने १९४९ ते १९५९ ह्या काळात चार खंडांची कादंबरी लिहून त्यांची कहाणी अजरामर केली. तीतील कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना मिनेसोटातच शेत करतात आणि क्रिस्तिनाला अखेरपर्यंत नव्या देशाची भाषा आपली वाटत नाही. त्यांच्यासारख्यांची नातवंडे-पतवंडे मात्र स्वीडिश विसरली. शंभर वर्षांनी त्याच भूमीत स्वीडनचा आवाज पुन्हा ऐकू आला, तोही इंग्रजीतून! आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. 'आबा'मधील दोघा संगीतकारांनी, बेनी आंदेर्शोन आणि ब्यॉर्न उल्वेउस ह्यांनी, इंग्रजीत मिळावयाचे ते सारे यश मिळवून झाल्यावर मूबेर्यची हीच कादंबरी हाती घेतली आणि १९९५ साली माल्मो येथे तिच्यावरील संगीतनाट्य रंगभूमीवर आणले, ते स्वीडिश भाषेत.

रॉक्सेटच्या उरलेल्या तीन अग्रमानांकित गीतांपैकी दोन विलंबित लयीतील आहेत आणि दोन्ही मारीची आहेत. 'लिसन टू युअर हार्ट' १९८९ च्या नोव्हेंबरात वर गेले. व्यापाराच्या इतिहासात त्याला वेगळेच स्थान आहे: लहान तबकडी न काढता केवळ कॅसेटवर विकले गेलेले, आणि तरीही अमेरिकेत प्रथम क्रमांकास पोचलेले ते पहिले गीत. गुणांच्या दृष्टीने आम्हांस ते थोडे फुगलेले वाटते. अमेरिकी नभोवाणीवर त्या काळी जी भव्य, घणाघाती प्रेमगीते वाजत, त्यांचा साचा येस्लेने जाणूनबुजून उचलला आहे, आणि साचा उचलल्याचे ऐकणाराला जाणवते.

'इट मस्ट हॅव बीन लव्ह'चे तसे नाही. हे रॉक्सेटचे सर्वोत्कृष्ट गीत होय. त्याची कथा अशी. १९८७ साली कंपनीच्या जर्मन शाखेने नाताळासाठी एखादे विचारी गीत मागितले. येस्लेने लिहिले. जर्मन शाखेने ते नाकारले. स्वीडनपुरते ते गाजले आणि नाताळ सरल्यावर विसरले गेले. १९९० साली ज्युलिया रॉबर्ट्स आणि रिचर्ड गिअर ह्यांच्या 'प्रीटी वूमन' ह्या चित्रपटासाठी रॉक्सेटकडे गीत मागण्यात आले, तेव्हा नवे लिहावयास वेळ नव्हता. म्हणून हे जुनेच काढून दिले. त्यात नाताळाच्या दिवसाचा उल्लेख होता, तो हिवाळ्याच्या दिवसाचा केला, आणि ध्वनिमुद्रणावर थोडा हात फिरविला. एका शब्दाची ती अदलाबदल लहान दिसते, पण तिने गीत मोकळे झाले. आधी तो एका सणाच्या दिवशीचा विरह होता. आता तो सणाच्या चौकटीतून सुटला.

ह्या गीताचे शब्द साधे आहेत. एखाद्या शाळकरी मुलास कळतील इतके साधे. येस्लेच्या इंग्रजीला म्हणींचा, बोलीचा, गावाचा आधार नाही, आणि म्हणून तो सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेलीच नाणी चालवितो. अशा शब्दांत प्राण आणण्याचे काम मारीला करावे लागते, आणि ती ते कसे करते हे ऐकण्यासारखे आहे. आरंभी ती आवाज दाबून धरते, जवळजवळ कुजबुजते. जे होऊन गेले त्याची नुसती नोंद करावी तसे. भूतकाळ मान्य केला आहे असा तिचा आव असतो. ध्रुवपदात तो आव टिकत नाही. स्वर ताणला जातो, किंचित फाटतो, आणि त्या फाटण्यातच सगळा अर्थ येतो. शेवटाकडे शब्द संपतात तरी ती थांबत नाही. स्वीडिश भाषेत शब्दाच्या स्वरातील चढउतार अर्थ पालटू शकतो. 'आन्देन' हा शब्द एका हेलाने उच्चारला तर बदक आणि दुसऱ्याने उच्चारला तर आत्मा. अशा भाषेत वाढलेल्या गळ्याशी मारीच्या इंग्रजी गायनातील हेलकाव्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण पुराव्यावाचून तो आवरलेला बरा. एवढे मात्र निश्चित की, जे तिच्या शब्दांत नाही ते तिच्या आवाजात आहे, आणि तो आवाज स्वीडिश गाणी गाऊन तयार झालेला आहे.

चौथे गीत 'जॉयराइड', १९९१ च्या मे महिन्यातले. ते खेळकर आहे, त्यात शीळ आहे, जत्रेचा गलबला आहे. शीर्षकाची कल्पना येस्लेला पॉल मॅकार्टनीच्या एका मुलाखतीवरून सुचली. जॉन लेननबरोबर गाणी रचण्याच्या दिवसांविषयी बोलताना मॅकार्टनीने तो शब्द वापरला होता. आणि ध्रुवपदाचा आरंभ? येस्लेच्या मैत्रिणीने, जी पुढे त्याची पत्नी झाली, त्याच्या पियानोवर एक चिठ्ठी ठेवली होती. स्वीडिशमध्ये, घरातल्या भाषेत, लाडाने वेडा म्हणून प्रेम सांगणारी. तीच चिठ्ठी इंग्रजीत उतरली आणि साऱ्या जगाने ती गुणगुणली. येस्लेच्या इंग्रजी गीतांतील ज्या मोजक्या ओळी बोललेल्या वाटतात, लिहिलेल्या वाटत नाहीत, त्यांत ह्या ओळीची गणना केली पाहिजे. त्याचे कारण उघड आहे.

ह्यानंतरचा उतार आम्ही थोडक्यात सांगतो. १९९१-९२ मध्ये जगभर दौरा झाला आणि त्या प्रवासातच, रंगमंचांवर व हॉटेलांच्या खोल्यांत केलेल्या मुद्रणांतून, 'टूरिझम' ही ध्वनिमुद्रिका निघाली. अमेरिकेत कंपनीच्या शाखांची जुळवाजुळव झाली आणि नव्या व्यवस्थेत रॉक्सेटचा वाली कोणी उरला नाही. १९९४ साली त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिकेची संक्षिप्त आवृत्ती तेथे मॅक्डोनल्डच्या खाद्यगृहांतून विकली गेली, तेव्हा संगीताचे दुकानदार रुसले. दारातून वर घेणारा बाजार खिडकीतून खाली सोडावयासही उशीर लावीत नाही. युरोप, दक्षिण अमेरिका येथे त्यांचे श्रोते कायम राहिले.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही लेखणी उचलली त्याकडे येऊ. ज्या १९८९ साली 'द लुक' अमेरिकेत वाजत होते, त्याच वर्षी मारीने एका स्वीडिश दूरदर्शन मालिकेसाठी 'स्पार्वओगा' (चिमणीचा डोळा) हे गीत गाऊन आपल्या देशातील श्रोत्यांना जिंकले. १९९२ साली, जगाच्या दौऱ्याच्या शिखरावर असताना, तिने 'देन स्तेन्दिगा रेसान', म्हणजे 'अखंड प्रवास', ही सबंध ध्वनिमुद्रिका स्वीडिशमध्ये काढली आणि तीतील बहुतेक गीते स्वतः रचली. इंग्रजीत ती दुसऱ्याचे शब्द गाई. स्वतःचे सांगावयाचे असले म्हणजे ती घरच्या भाषेकडे येई. येस्लेचेही तेच. त्याच्या 'यिलेने तीदेर'ची १९८२ ची 'सोम्मार्तीदेर' ही उन्हाळ्याच्या सुटीची धून स्वीडनमध्ये आजही वाजते. २००३ साली त्याने जी स्वीडिश ध्वनिमुद्रिका काढली, तिला नाव दिले 'मासारीन'. ही तेथील कोणत्याही भट्टीवाल्याकडे मिळणारी बदामाची छोटी वडी. हे नाव न्यूयॉर्कमध्ये कोणाला काय कळणार? त्याने तेथे कळावे म्हणून ते ठेविलेच नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी जुना मेळ पंचवीस वर्षांच्या निमित्ताने पुन्हा एकत्र आला, तेव्हा एका उन्हाळ्यात सुमारे पाच लाख लोक ऐकावयास जमले. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे नव्वद लाख होती.

नव्वद लाख हा आकडा आम्ही मुद्दाम लिहिला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक आहेत. आणि 'मराठीत काय आहे? वाचणार कोण, ऐकणार कोण?' हा प्रश्न आम्ही विचारतो! स्वीडनमध्ये मुले लहानपणापासून शाळेत इंग्रजी शिकतात; परदेशी चित्रपट तेथे भाषांतरित आवाजात नव्हे, तर खाली स्वीडिश अक्षरे देऊन दाखविले जातात, त्यामुळे इंग्रजी कानावर सतत पडते. येस्लेच्या इंग्रजीचे मूळ तेथे आहे. परंतु तीच मुले गणित, इतिहास, शास्त्र शिकतात ते स्वीडिशमध्ये. तेथील सरकारी पत्र येते ते स्वीडिशमध्ये. इतके असूनही विद्यापीठांत व व्यापारात इंग्रजीचा पसारा वाढताना पाहून त्या देशाने २००९ साली कायदा केला आणि स्वीडिश ही देशाची प्रमुख भाषा होय असे लिहून ठेवले. भाषा सुरक्षित आहे असे समजून ते स्वस्थ बसले नाहीत.

उसन्या भाषेत गाणे हे मराठी गळ्यालाही नवे नाही. लता मंगेशकर ह्यांच्या आरंभीच्या दिवसांत दिलीपकुमार ह्यांनी मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा आशयाचा शेरा मारला होता, आणि तो मनाला लावून घेऊन त्यांनी मौलवी ठेवून उर्दूचे उच्चार शिकून घेतले, ही कथा त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. सारा देश त्यांनी ज्या भाषेत जिंकला ती त्यांच्या घरची नव्हती. पण त्याच लताबाईंनी १९६० नंतरच्या दशकात 'आनंदघन' ह्या नावाआड राहून भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना संगीत दिले. हिंदीत त्या दुसऱ्यांच्या चाली गात राहिल्या. स्वतःची चाल बांधावीशी वाटली ती मराठीत. मारीच्या 'अखंड प्रवासा'शी हे साम्य आम्हांस योगायोगाचे वाटत नाही.

ह्या मासिकाचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीतले. दर तीन वर्षांनी नवी भाषा कानावर घ्यावयाची, मुलांना नव्या शाळेत घालावयाचे, आणि 'घरात तरी मराठी बोला' असे सांगून स्वतःच मुलाशी इंग्रजीत बोलावयाचे, हा अनुभव त्यांतील अनेकांचा आहे. त्यांच्यापुढे रॉक्सेटचे उदाहरण कोणी ठेवले, तर ते अर्धे ठेवू नये. पेर आणि मारी ह्यांनी इंग्रजी घेतली. तिच्या मोबदल्यात त्यांनी काही गहाण टाकले नव्हते.

२००२ च्या सप्टेंबरात मारी घरी कोसळली. मेंदूत गाठ निघाली. उपचारांनी ती वाचली, पण वाचन, आकडेमोड, चालणे ह्यांत कायमचे अधू करून गेले. तरी २००९ मध्ये ती पुन्हा येस्लेबरोबर रंगमंचावर उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत गायली. अखेरच्या वर्षांत खुर्चीत बसून गायली. २०१३ साली तिने एक ध्वनिमुद्रिका काढली, तिचे नाव 'न्यू', म्हणजे 'आता'. ती स्वीडिशमध्ये आहे. २०१६ मध्ये वैद्यांच्या सल्ल्यावरून दौरे थांबले आणि ९ डिसेंबर २०१९ रोजी, एकसष्टाव्या वर्षी, ती गेली. रॉक्सेटचे नाव येस्लेने पुढे दुसऱ्या गायिकेला बरोबर घेऊन चालविण्याचे ठरविले आहे. त्याविषयी आम्ही मत देत नाही. ज्यांना वरील विवेचन पारखून पाहावयाचे असेल त्यांनी प्रथम 'इट मस्ट हॅव बीन लव्ह' ऐकावे आणि लगेच 'स्पार्वओगा'. दुसऱ्यातील एकही शब्द कळणार नाही. तरीही कोणत्या गीतात ती अधिक निःशंक आहे, हे पहिल्या कडव्यातच ध्यानी येईल.